आधी जांभा, मग सॉफ्टवेअर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचे, एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी पात्रे घ्यायची आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. अमेरिकेत १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला तेव्हापासून भूमिका-खेळांचा हा साचा फारसा बदललेला नाही. टेबलाच्या मधोमध नकाशा लागतो आणि तो बहुधा सूत्रधारालाच काढावा लागतो. हे खेळ आता आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांपर्यंत पोचले आहेत, आणि नकाशा काढायला बसलेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सॉफ्टवेअर कोणते घेऊ?

हा प्रश्न उलट्या टोकाने धरलेला आहे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. आधी पोत ठरवावा, म्हणजे जमीन, पाणी, दगड, भिंत यांचे अंग कसे दिसणार ते. मग नकाशा शेवटी कागदावर जाणार की पडद्यावर, ते पाहावे. सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचे झाल्यास सॉफ्टवेअरच्या नावांचा भाग कापावा, पोताचा कापू नये, ही विनंती.

नकाशाच्या प्रत्येक साधनासोबत झाडे, डोंगर, घरे यांच्या शिक्क्यांचा तयार संच येतो आणि तो बहुतेक वेळा उत्तर युरोपातला असतो. टोकदार सूचिपर्णी झाडे, बर्फाची टोपी घातलेले त्रिकोणी डोंगर, करड्या दगडाचे बुरूज, पवनचक्क्या. संच वाईट असतात असे नाही, बरेचसे हाताने रंगवलेले आणि मेहनतीचे असतात. पण त्यांवर काम सुरू केले की गोष्ट कितीही खाडीकाठची असो, बंदराच्या मागे देवदाराचे बन उभे राहते.

आपल्याकडचा डोंगर त्रिकोणी नाही. सह्याद्री पश्चिमेकडून भिंतीसारखा उभा आणि पूर्वेकडे उतरत गेलेला आहे. माथे सपाट, अंगावर बेसाल्टच्या पायऱ्या. त्याचे चिन्ह काढायचे तर पश्चिमेला एक तुटका कडा, त्याखाली आखूड उभ्या रेघा आणि पूर्वेला नुसती फिकट छटा, एवढे पुरते. कडा आणि किनारा यांच्यामधला सडा तर तयार संचांत शोधूनही मिळत नाही : वरून सपाट, कडेला एकदम तुटलेला जांभ्याचा माळ आणि त्याला चिरत आत शिरलेली खाडी. नद्यांचेही तसेच. वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली घाटातून निघतात आणि थोडक्यात समुद्राला मिळतात. कृष्णा मात्र महाबळेश्वरला, अरबी समुद्रापासून सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आत उगम पावते आणि पाठ फिरवून बंगालच्या उपसागरात जाते. मधली पाणलोटाची रेघ हे सगळे ठरवते. काल्पनिक नकाशांत सर्वांत जास्त चुका नद्यांच्याच असतात. एकाच नदीचे वाटेत दोन फाटे होऊन ते दोन समुद्रांना मिळतात, किंवा नदी एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत देश आरपार चिरत जाते. म्हणून सगळ्यात खालच्या लेयरवर (चित्राच्या सुट्या थरावर) आधी पाणलोटाची रेघ काढून ठेवावी. नद्या ती ओलांडत नाहीत. वाटेत त्या एकमेकींना मिळतात आणि फुटल्याच तर बहुधा मुखाशी फुटतात.

किनाऱ्याला रेघाही दोन हव्यात, भरतीची आणि ओहोटीची. दोन्हींमधला पट्टा स्वतंत्र लेयरवर ठेवावा : पुळण, खडप, चिखल, खारफुटी. दिवसातून दोनदा वाट उघडते आणि दोनदा बुजते, यासारखा आयता पेच सूत्रधाराला दुसरा कुठे मिळणार? खेळताना ती लेयर दाखवायची किंवा लपवायची, बस्स.

आता मापाचे, कारण इथेच बहुतेक नकाशे फसतात. लढाईच्या नकाशात एक चौकोन ५ फुटांचा धरतात आणि पडद्यावर तो साधारण १०० पिक्सेलचा असतो. जांभ्याचा चिरा १४ इंचांचा धरला तर या मापाने तो २३ पिक्सेलचा होतो. मोबाइलवर जवळून काढलेल्या फोटोत तोच चिरा सहज हजार पिक्सेल व्यापतो. तो फोटो तसाच अंथरला तर एकेक चिरा ५० फुटांचा दिसतो आणि शेजारचे पात्र मुंगीएवढे. उलट प्रामाणिकपणे २३ पिक्सेलवर आणला तर जांभ्याची भोके, सांधे सगळे मिटून नुसता तांबूस खर (खरबरीतपणा) उरतो. मधला मार्ग म्हणजे खऱ्या मापाच्या दुप्पट ते अडीचपट. चिरा ५० ते ६० पिक्सेलचा ठेवला तर सांधे दिसतात आणि डोळ्याला खोटेही वाटत नाही. वाळू, चिखल, गवत यांना चारपटीपर्यंत चालते, कारण त्यांत मोजता येईल अशी वस्तू नसते. कौलांना मात्र ही सवलत नाही. कौल केवढे असते ते इथे सगळ्यांना पाठ आहे.

अख्ख्या प्रदेशाचा नकाशा असेल तर हिशेबच वेगळा. तिथे एक पिक्सेल म्हणजे ५० मीटरही असू शकतात. जांभा तिथे दगड म्हणून दिसायचा नाही, फक्त रंग आणि किंचित खर म्हणून दिसायचा. त्यामुळे अशा नकाशात फोटोचा पोत १५ ते २५ टक्के ओपॅसिटीवर (म्हणजे बराच पारदर्शक), ‘ओव्हरले’ किंवा ‘सॉफ्ट लाइट’ हा मिसळण्याचा मोड लावूनच वापरावा. त्याहून गडद केला की देशाला खरूज झाल्यासारखे दिसते.

पोतासाठी फोटो काढायचा तर ऊन नको. उन्हात जांभ्याच्या प्रत्येक भोकाला एकाच बाजूला सावली पडते. पुढे तो तुकडा ९० अंशांत फिरवून दुसरीकडे वापरला की नकाशात दोन सूर्य दिसतात. श्रावणात सरी थांबलेल्या असतात आणि आभाळ भरलेले असते ती वेळ उत्तम. मात्र ओला दगड चकाकतो, म्हणून दोन-तीन तास कोरडे गेलेले असावेत. मोबाइल जमिनीला समांतर, कंबरेच्या उंचीवर धरावा आणि दुप्पट झूम लावून फोटोचा मधला भागच घ्यावा. साध्या रुंद भिंगाने कडेचे चिरे वाकतात आणि पुढे जोड जुळत नाहीत. त्याच जागी फूटपट्टी ठेवून एक जादा फोटो घ्यावा, म्हणजे वर सांगितलेला मापाचा हिशेब अंदाजाने करावा लागत नाही.

काय टिपावे याची यादी अंगणातच सुरू होते. शेवाळलेला गडगा. पाखाडीच्या झिजलेल्या पायऱ्या. सारवलेले खळे, ज्यावर बोटांचे अर्धगोल फराटे उमटलेले असतात (वाटेवरच्या धर्मशाळेच्या जमिनीला याहून चांगला पोत नाही). नळ्यांचे छप्पर, माडाच्या झापांची ताटी, वाळत घातलेले जाळे, होडीचा तेल प्यायलेला तक्ता, ओहोटीनंतरच्या पुळणीवरची लाटांची नक्षी. खाजणातला भेगाळलेला चिखल एप्रिलमध्ये टिपावा, जूननंतर तो मिळत नाही. बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांचा मोह होतोच. २०२२ पासून कोकणातली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. नकाशाच्या कोपऱ्यातल्या शीर्षकचौकटीसाठी त्यांच्या रेषा सुंदर शोभतात. पण रेषा उठून दिसाव्यात म्हणून खोबणीत खडू किंवा चुना भरू नये आणि शिल्पावर पाय देऊन वरून फोटो घेऊ नये. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, बाजूला उभे राहून घेतलेल्या फोटोत त्या आपोआप उठतात. आभाळाचा नियम फक्त इथे उलटा होतो.

फोटो मिळाला म्हणजे पोत मिळाला असे नाही. आधी त्यातला उजेडाचा उतार काढावा लागतो. एक बाजू उजळ, दुसरी काळपट असेल तर तुकडे शेजारी-शेजारी लावताच बुद्धिबळाचा पट दिसतो. गिंप या चित्रे सुधारण्याच्या फुकट सॉफ्टवेअरात याची रीत सोपी आहे. फोटो २०४८ × २०४८ पिक्सेलला चौरस कापावा. त्याची दुसरी लेयर करून वरच्या लेयरला सुमारे १५० पिक्सेलचा गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) द्यावा, तिचा मोड ‘ग्रेन एक्स्ट्रॅक्ट’ करावा आणि दोन्ही एकत्र कराव्यात. हाती उरतो तो करडा, सपाट उजेडाचा, फक्त खर असलेला तुकडा. फोटोचा मूळ रंग यात बहुतेक जातो, आणि ते सोयीचेच आहे. आता खाली हवा तो रंग भरायचा आणि हा तुकडा वर ‘ग्रेन मर्ज’ मोडमध्ये ठेवायचा. एकाच जांभ्यापासून एप्रिलचा तांबडा सडा, श्रावणातला हिरवट सडा आणि जळालेल्या किल्ल्याची काळी भिंत, तिन्ही निघतात.

मग जोड. गिंपच्या ‘लेयर’ मेनूतील ‘ऑफसेट’ने तुकडा रुंदी-उंचीच्या निम्म्याने सरकवला की चारही कडा मध्यभागी येतात आणि जोड अधिकच्या खुणेसारखा दिसतो. तो ‘हील’ आणि ‘क्लोन’ने बुजवावा, पुन्हा वेगळ्या अंतराने सरकवून पाहावे. क्रिटा या रंगवण्याच्या सॉफ्टवेअरात डब्ल्यूची कळ दाबली की तोच तुकडा सगळीकडे पसरलेला दिसतो आणि कडेवरून सरळ ब्रश फिरवता येतो. हाताने रंगवलेल्या पोतासाठी हे फारच सोयीचे. गिंपमध्ये एका क्लिकवर ‘टाइल सीमलेस’ करणारा फिल्टरही आहे. तो कडा एकमेकींत मिसळवतो, म्हणून वाळूला आणि चिखलाला चालतो. चिऱ्यांच्या भिंतीवर लावला तर सांध्यांवर सांधे चढतात आणि भिंत भुताटकीची दिसते. सांधे असलेल्या कुठल्याही पोताला तो लावू नये.

जोड बुजला तरी पुनरावृत्ती राहते. पुळणीच्या फोटोतला एक पांढरा शिंपला तुकड्यात नजरेला येत नाही, पण सोळा तुकडे अंथरले की सोळा शिंपले शिस्तीत उभे राहतात. म्हणून तुकडा ४ × ४ अंथरावा, २५ टक्क्यांवर झूम करून लांबून बघावा आणि डोळा जिथे अडकेल ती वस्तू पुसावी. मोठ्या जमिनीसाठी त्याच पोताची दुसरी प्रत फिरवून आणि वेगळ्या पटीत (दीडपट नको, १३७ टक्के अशा आडमाप पटीत) वर ठेवावी आणि ढगाळ मास्कने (कुठे दाखवायचे, कुठे झाकायचे ते ठरवणाऱ्या झाकणाने) अधूनमधून झिरपू द्यावी. दोन प्रतींची लय जुळत नाही, म्हणून नक्षी लक्षात येत नाही.

एवढे झाल्यावर सॉफ्टवेअर. इंकारनेट ब्राउझरमध्ये चालते, हात बसायला वेळ लागत नाही, फुकट आवृत्ती मर्यादित आणि पूर्ण आवृत्ती वर्गणीची. पण नेट गेले की काम थांबते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे नेट किती दिवस जाते ते वाचकांना सांगायला नको. वंडरड्राफ्ट (प्रदेशाच्या नकाशांसाठी) आणि डन्जनड्राफ्ट (लढाईच्या नकाशांसाठी) एकदाच विकत घ्यावे लागतात, ऑफलाइन चालतात आणि दोन्हींत स्वतःचे पोत घालता येतात. डन्जनड्राफ्टमध्ये एक चौकोन २५६ पिक्सेलचा असतो, म्हणजे २०४८चा तुकडा बरोबर ८ चौकोन झाकतो आणि अडीचपटीचा चिरा १५० पिक्सेलचा होतो. आपले पोत ‘टेक्श्चर्स’ फोल्डरात ठरलेल्या उपफोल्डरांत ठेवून त्यांचा पॅक बांधावा लागतो. जमीन, नक्षी, भिंत यांचे उपफोल्डर वेगळे असतात आणि नावात एक अक्षर चुकले तर पॅक बांधला जातो पण पोत यादीत दिसत नाही. कॅम्पेन कार्टोग्राफर फक्त विंडोजवर चालते आणि अभियांत्रिकी आराखड्याच्या वळणाचे आहे. शिकायला वेळ लागतो, कॅडची सवय असलेल्याला मात्र आवडते. अझगारचे नकाशा-जनित्र ब्राउझरात फुकट अख्खे जग बनवून देते. सुरुवातीचा किनारा आणि उंची मिळवायला ते छान, बाकी बदलून घ्यावे. वाताबूचे शहर-जनित्र तटबंदीतले दाटीवाटीचे युरोपी शहर देते. पाखाडीच्या कडेने विखुरलेली आपली वाडी त्यातून निघत नाही, ती हातानेच काढावी लागते.

आमचे मत विचाराल तर क्रिटात रंगवावे आणि इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरात नावे लिहावीत. दोन्ही फुकट, दोन्ही ऑफलाइन. पेन-टॅब्लेट घ्यायचा तर ६ × ४ इंचांचा लहान पुरतो. नकाशात हात लांब फेकावा लागत नाही, झूम करून तुकड्यातुकड्याने काम होते. दर आठवड्याला नवा लढाईचा नकाशा लागत असेल तरच डन्जनड्राफ्टचे पैसे वसूल होतात.

नावे वेगळ्या सॉफ्टवेअरात का, तर देवनागरीमुळे. वंडरड्राफ्ट आणि डन्जनड्राफ्ट गोडो या खेळ बनवण्याच्या इंजिनाच्या तिसऱ्या पिढीवर बांधलेले आहेत, आणि त्या पिढीत जोडाक्षरे जुळवण्याची सोय नव्हती. त्यामुळे ‘सिंधुदुर्ग’ लिहिले की पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाते आणि रफार सुटून ‘दुर्‌ग’ होतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कारण दोष फॉन्टात नाही. नकाशा नावांशिवाय पीएनजी म्हणून बाहेर काढावा, इंकस्केपमध्ये खालच्या लेयरवर ठेवून कुलूप लावावे आणि नावे वर लिहावीत. फॉन्ट युनिकोडच हवा. टायपिंगच्या दुकानांतले जुने फॉन्ट वापरले तर पुढे एक नाव शोधायचे किंवा बदलायचे झाले की तो मजकूर कुणालाच वाचता येत नाही. ‘तिरो देवनागरी मराठी’ फुकट आहे आणि त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात. ‘मुक्ता’ लहान नावांना स्पष्ट दिसतो, पण त्यात मराठी ल-श हवे असतील तर मजकुराची भाषा मराठी ठेवावी लागते. गिंपच्या टेक्स्ट टूलमध्ये भाषेची ही पेटी खालच्या बाजूला असते आणि सहसा कुणी तिच्याकडे पाहत नाही.

इंग्रजी नकाशांत समुद्राचे नाव अक्षरे लांबलांब टाकून पसरवतात. शिकवणाऱ्या सगळ्या व्हिडिओंत तेच सांगितलेले असते. देवनागरीत अक्षरांमधली जागा वाढवली की शिरोरेषा तुटते आणि नाव दातपडक्यासारखे दिसते. आपल्याला दुसरे उपाय करावे लागतात : शब्दांमधले अंतर वाढवावे, अक्षर मोठे पण फिकट ठेवावे, किंवा मजकुराचे पाथ (आकाररेषा) करून शिरोरेषा हाताने ओढून लांबवावी. जुन्या पाट्या रंगवणारे शिरोरेषा अशीच ओढत असत आणि ती देखणी दिसते. नदीकाठाने वळवलेल्या नावाचीही तीच अडचण. इंकस्केपमधील ‘पुट ऑन पाथ’ प्रत्येक अक्षर सुटे फिरवते, त्यामुळे तीव्र वळणावर शिरोरेषेचे कोयते होतात. वळणाची त्रिज्या अक्षराच्या उंचीच्या निदान आठ-दहा पट ठेवावी. त्याहून वाकडी नदी असेल तर मजकूर पाथमध्ये बदलून, एकसंध करून ‘बेंड’ इफेक्टने वाकवावा, म्हणजे रेषाही वाकते. मूळ मजकुराची प्रत लपवलेल्या लेयरवर ठेवावीच. पाथ झालेल्या नावात शुद्धलेखन सुधारता येत नाही. नावाभोवती जमिनीच्या रंगाची २-३ पिक्सेलची कड द्यावी आणि ती अक्षरात भरलेल्या रंगाच्या खाली ठेवावी, नाहीतर कड मात्रा-उकार खाऊन टाकते.

पडदा की कागद, यावरून आकार ठरतो. पडद्यासाठी चौकोन गुणिले पिक्सेल, एवढाच हिशेब : ४० × ३० चौकोन १०० पिक्सेलने ४००० × ३००० होतात. फाउंड्री आणि रोल ट्वेंटी या पडद्यावर खेळण्याच्या सॉफ्टवेअरांत अनुक्रमे १०० आणि ७० पिक्सेलचा चौकोन मुळात धरलेला असतो. नकाशा लहान करताना पूर्णांकी माप राखावे. प्रत्येक चौकोनात एका पिक्सेलची चूक राहिली तर चाळिसाव्या चौकोनाशी ती ४० पिक्सेलची होते आणि दारात उभे केलेले पात्र भिंतीत शिरते.

कागदासाठी ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए-३ म्हणजे ३५०८ × ४९६१ पिक्सेल, आठ-बिट रंगात दर पूर्ण लेयरला सुमारे ७० एमबी. वीस लेयर म्हणजे १४०० एमबी. ४ जीबीच्या जुन्या संगणकावर इथेच घुसमट सुरू होते. ए-४ला दर लेयर ३५ एमबी लागतात आणि तेवढेच पिक्सेल ए-२ कागदावर १५० डीपीआयने छापता येतात. भिंतीवर लावून तीन फुटांवरून बघायच्या नकाशाला ते पुरते. म्हणून मोठा कागद हवा म्हणजे मोठी फाइल हवी असे नाही.

माप आधी न ठरवल्याने काय होते याला सिंधुदुर्गापेक्षा चांगले उदाहरण नाही. १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा जलदुर्ग सुमारे ४८ एकरांचा. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांत तो जागतिक वारसा यादीत गेल्यापासून त्याच्यावर बेतलेले काल्पनिक किल्ले काढण्याची हौस वाढेल, वाढावीही. पण ४८ एकर म्हणजे सुमारे २१ लाख चौरस फूट. पाच फुटी चौकोनांत बसवायचे तर ८३ हजारांवर चौकोन होतात, म्हणजे एका बाजूला जवळपास २९०. १०० पिक्सेलने ते २९ हजार × २९ हजार पिक्सेल होते आणि एकाच लेयरला ३ जीबीहून जास्त जागा लागते. कुठलाच घरगुती संगणक हे सुखाने उघडणार नाही. तोच किल्ला ५० फुटांच्या चौकोनात काढला तर २९ × २९ मध्ये मावतो. तो एक ठेवावा आणि पाच फुटी नकाशा फक्त महादरवाजाच्या वळणाचा, ३० × ३० चौकोनांचा वेगळा काढावा. तट १२ फूट रुंद धरला तर तो अडीच चौकोन जाड येतो. तयार संचातली भिंत अर्ध्या चौकोनाची असते. ती लावली तर जलदुर्गाला कुंपणाची कळा येते.

परवान्याचे थोडक्यात. अँबियंट सीजी आणि पॉली हेवन या संकेतस्थळांवरचे पोत सीसी-शून्य (क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बिनअटीच्या) परवान्याचे आहेत, काहीही करा. ‘बीवाय’ असेल तर नाव द्यावे लागते, ‘एनसी’ असेल तर त्या शिक्क्यांचा नकाशा विकता येत नाही, मित्रांत खेळायला चालतो. पिंगुळीच्या चित्रकथीवरून किंवा सावंतवाडीच्या गंजिफांवरून स्फूर्ती घेऊन दिशादर्शक काढावा, पण कलाकाराचे चित्र स्कॅन करून चिकटवू नये. फुकट मिळाले म्हणून उतरवलेल्या पाचशे शिक्क्यांच्या फोल्डरात प्रत्येकाचा परवाना एका साध्या मजकूर-फाइलमध्ये तेव्हाच लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी कुठला शिक्का कुठून आला ते कुणालाच आठवत नाही.

छपाईला जाताना पीडीएफ न्यावी, नावे पाथ करून. छापताना ‘फिट टू पेज’ नव्हे, ‘ॲक्च्युअल साइझ’ सांगावे. एक इंची चौकोन ९४ टक्क्यांवर आला तर लाकडी सोंगट्या शेजारच्या घरात घुसतात. हातात पहिला कागद आला की फूटपट्टीने दहा चौकोन मोजावेत, बरोबर दहा इंच भरले तरच पुढचे छापून घ्यावे. डिजिटल छपाईच्या १२ × १८ इंची कागदावर २१६ चौकोन बसतात, खेळातले ६० × ९० फूट. पडद्यावरचा चमकदार पाचूचा समुद्र कागदावर मळका येतोच, कारण तो रंग छपाईच्या चार शाईंत नाही. सुरुवातीलाच समुद्र थोडा करडा निळा धरावा आणि रंगांची एक पट्टी ए-४वर छापून बघावी. जांभ्याचा गडद तपकिरी चारही शाई भरपूर घालून केला असेल तर इंकजेटवर छापलेला तो पावसाळ्यात लवकर वाळत नाही आणि कागद एकमेकांना चिकटतात. छापलेला नकाशा एक रात्र पंख्याखाली मोकळा ठेवावा, मगच लॅमिनेशनला द्यावा. लॅमिनेशन कागदाच्या बाहेर चारी बाजूंनी निदान ५ मिलिमीटर राखून कापायला सांगावे. दुकानदार कागदाला लागून कापतो, तिथून जुलैची हवा आत शिरते आणि गणपतीपर्यंत कडा उकलतात.

कळावे,
आपले,
नकाशे काढणारे दोन वाचक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग